वाघिणीचे एक चाक अधांतरी का राहते?

प्लॅस्टिकच्या किटमधून मालगाडीच्या वाघिणींच्या (डब्यांच्या) छोट्या प्रतिकृती बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी रंगाबद्दल विचारले आहे, तरी सुरुवात चाकांपासून करतो. रंगाचे बिघडले तर खरवडून पुन्हा देता येतो, पण रंगवलेल्या वाघिणीचा सांगाडा सरळ करणे फार जिकिरीचे असते.

प्रश्न: १:७६ प्रमाणातली चारचाकी वाघीण पत्रकात दाखवल्याप्रमाणे जोडली. सरळ रुळावर ठीक चालते, सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथे) मात्र हटकून घसरते. टेबलावर ठेवून कोपरा दाबला की डुगडुगते.

उत्तर: दोन्ही आस एका पातळीत नाहीत. चारपैकी तीन चाके टेकतात, चौथे अधांतरी राहते आणि सांध्यातली फट आली की तेच रूळ सोडते. दोष बहुधा किटचा नसतो. खालच्या दोन्ही लांब तुळया एकाच बैठकीत चिकटवल्या की असे होते.

आधी तुळयांमध्ये आसाची टोके टेकतात त्या भोकांत पितळी बेअरिंग बसवा. २ मिमीचे ड्रिल हातानेच फिरवा, कारण यंत्राच्या वेगाने प्लॅस्टिक वितळून भोक वाकडे होते. बेअरिंगची कड आतल्या पृष्ठभागाशी सपाट बसली पाहिजे. ती वर राहिली तर आस आवळला जातो आणि तुळया बाहेर फाकतात. फार आत गेली तर चाक डावी-उजवीकडे हेलकावते. मग एक तुळई तळाला चिकटवून पूर्ण वाळू द्या. दुसरी फक्त दोन ठिपक्यांवर टेकवा, चाके घाला आणि वाघीण जाड काचेवर ठेवून वर हलके वजन ठेवा. प्रत्येक चाकाखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहा. एखादी सहज निघाली तर ते चाक टेकलेले नाही. पुढची काही मिनिटे तुळई जागेवर हलवता येते. चारही पट्ट्या सारख्या अडकल्या, की मगच उरलेल्या सांध्यात ब्रशने गोंद सोडा.

आणखी दोन मापे घ्या. दोन आसांमधले अंतर दोन्ही बाजूंनी सारखे हवे. अर्धा मिलिमीटर फरक असला तरी वाघीण खेकड्यासारखी तिरकी चालते. चौकटीचे कोपरे गुण्याला लावून पाहा, कर्णही मोजा. शिवाय १६.५ मिमी अंतराच्या रुळांवर या प्रमाणातल्या चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.५ मिमी असावे. ते कमी पडले तर चाके सांध्यातल्या आतल्या पट्ट्यांना घासून वर चढतात, जास्त झाले तर चाकाची कड रूळ छेदतात तिथल्या टोकावर आपटते. फरक काढताना चाक आसावर पिळत सरकवा. सरळ ओढले तर ते तिरपे बसते.

तुमची वाघीण जोडून झाली आहे, म्हणून आधी सोपा उपाय करा. अधांतरी चाकाजवळच्या सांध्यावर दोन-तीनदा गोंद फिरवून प्लॅस्टिक मऊ होऊ द्या आणि वाघीण काचेवर वजनाखाली रात्रभर ठेवा. थोडा फरक असेल तर एवढ्याने निघतो. नाही निघाला तर बारीक करवतीने ती तुळई सोडवून पुन्हा बसवावी लागेल.

प्रश्न: बंद वाघिणीच्या भिंती काही महिन्यांनी आत दबल्या. उन्हात ठेवली नव्हती.

उत्तर: उन्हाचा संबंध नाही, गोंदाचा आहे. पॉलिस्टायरीनचा पातळ गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. चारही भिंती, तळ आणि छप्पर एका दमात बंद केले की त्याची वाफ आत कोंडते आणि पातळ भिंती हळूहळू मऊ होऊन ओढल्या जातात. म्हणून छप्पर बसवण्याआधी सांगाडा दोन दिवस उघडा ठेवा आणि तळाला ३-४ मिमीचे एक भोक पाडा, ते खालून कुणाला दिसत नाही. लांब भिंतींच्या मध्ये जाड प्लॅस्टिकची आडवी पट्टी द्या. गोंद बाटलीतून ओतू नका. भाग कोरडेच जुळवून धरा आणि ब्रशचे टोक सांध्याला टेकवा, गोंद फटीतून आपोआप पुढे जातो. ट्यूबमधला घट्ट गोंद या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे, तारा सुटतात आणि बारीक नक्षी बुजते. ब्युटॅनोन किंवा डायक्लोरोमिथेन असलेले गोंद झटकन पकडतात, पण त्यांची वाफ हानिकारक असते, म्हणून खिडकी उघडी हवी. लिमोनीनचा गोंद सावकाश वाळतो. तुळया जुळवताना तो वेळ उपयोगीच पडतो.

प्रश्न: वजन किती घालावे आणि कशाने चिकटवावे?

उत्तर: १:७६ प्रमाणात दर आसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे चारचाकी वाघिणीला एकूण ५० ग्रॅम. एचओ (१:८७) प्रमाणात अमेरिकन शिफारस १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ६ इंची डब्याला ४ औंस (सुमारे ११३ ग्रॅम) आहे. सगळ्या गाडीत एकच हिशोब ठेवा. जड डब्यांपुढे हलका डबा जोडला तर वळणावर तोच आत ओढला जातो.

वजन तळाला, दोन्ही आसांच्या मध्ये बसवा. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात कधीही घालू नका. त्या गोंदातल्या ॲसिटिक आम्लाने शिशावर पांढरे कार्बोनेट धरते, ते फुगत जाते आणि काही वर्षांत वाघिणीच्या भिंती फाडते. इपॉक्सी वापरा. पोलादी वॉशर मिळत असतील तर शिशाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: मास्किंग टेपबरोबर खालचा रंगही सोलून निघाला.

उत्तर: खालचा रंग प्लॅस्टिकला धरलाच नव्हता. साच्यातून सहज सुटावे म्हणून लावलेले तेल भागांवर राहते, शिवाय जोडताना बोटांचे तेल लागते. कोमट पाणी, भांडी धुण्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन वाघीण धुवा, पूर्ण वाळवा, नंतर फक्त तळाशी धरा. प्रायमरचा एक पातळ हात द्या. राखाडी प्रायमरवर गोंदाचे डाग आणि बुजायच्या राहिलेल्या फटी लख्ख दिसतात, त्या तेव्हाच घासून काढा. रंगाचे दोन-तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच बरे. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत झाला तर फवारा फार लांबून मारलेला असतो आणि थेंब हवेतच वाळलेले असतात. टेप आधी काचेवर एकदा चिकटवून उचलली की तिची पकड कमी होते. काढताना ती स्वतःवर दुमडत, सपाट ओढायची.

प्रश्न: अक्षरांच्या डेकलभोवती (पाण्यात सोडवून चिकटवायच्या छापील पापुद्र्याभोवती) चांदीसारखी चमक दिसते.

उत्तर: मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. डेकलच्या पारदर्शक पापुद्र्याखाली तिथे हवा अडकते, ती चमकते. डेकलआधी चकचकीत वॉर्निश द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. डेकल जागेवर आल्यावर मऊ करणारे द्रावण लावा. ते सुरकुतले तरी हात लावू नका, वाळताना पुन्हा ताणले जाते. फळ्यांच्या भिंतीवर मात्र एवढ्याने भागत नाही. डेकल वाळल्यावर नव्या पात्याने प्रत्येक खाचेत चीर द्या आणि द्रावण पुन्हा सोडा, म्हणजे अक्षरे फळीफळीवर रंगवल्यासारखी बसतात. शेवटी मॅट वॉर्निश.

प्रश्न: गंज आणि धूळ कशी दाखवावी?

उत्तर: बेताने. ॲक्रिलिक रंगावर मॅट वॉर्निश असेल तर पांढऱ्या स्पिरिटमध्ये पातळ केलेला तपकिरी एनॅमल अंगभर फिरवा आणि तो ओला असतानाच स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या ब्रशने वरून खाली पुसा. आडवे पुसलेले डाग खोटे वाटतात, पावसाचे पाणी खालीच वाहते. उघड्या वाघिणीचा आतला भाग बाहेरच्या रंगाचा ठेवू नका, न रंगवलेल्या जुन्या लाकडाचा राखाडी-तपकिरी तिथे शोभतो. चाकांच्या बाजू रंगवा, पण रुळाला टेकणारी कड आणि आसाची टोके कोरडी ठेवा. बफरच्या तोंडावर ग्रीसचा काळसर ठिपका पुरे. रंगाची कोरडी भुकटी लावणार असाल तर मनात आहे त्यापेक्षा थोडी जास्त लावा, कारण वरून वॉर्निश मारले की ती निम्म्याहून अधिक नाहीशी झाल्यासारखी दिसते.