रापणीचा दोर आणि आमच्या तलावाचा वाटा

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही घरची मंडळी मालवण-तारकर्ली फिरून आलो. सकाळी किनाऱ्यावर चाळीस-पन्नास माणसं दोर ओढत होती. माझ्या पोरानंही हात लावला, तर निघताना त्याला पिशवीत सात-आठ मासे दिले, पैसे घेतले नाहीत. हा पर्यटकांसाठी मांडलेला खेळ होता की खरी मासेमारी? होमस्टेवाला ‘रापण’ एवढंच बोलला. (एक वाचक, लाखांदूर तालुका)

उत्तर : खरीच मासेमारी आहे ती, भाऊ. आणि दोराला हात लागला की थोडा का होईना वाटा लागतो, ही रापणीची जुनी रीत.

रापण म्हणजे लांबच लांब जाळं. एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात जाते, जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून ओढायचं. मी बारा वर्षांमागे पाहिली तेव्हा तासभर नुसता दोरच येत होता. मला वाटलं, झालं, जाळं रिकामंच येणार. शेवटी शेवटी पाणी उकळल्यासारखं खदखदलं आणि बांगडे, तारल्या, पेडवे चकाकायला लागले. वाळूवरच ढीग पडले : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. बाजूला एक म्हातारी घमेलं घेऊन बसली होती. तिनं दोराला बोट लावलं नव्हतं, तरी जाता जाता कोणीतरी तिच्या घमेल्यात ओंजळभर तारल्या टाकल्या. तिनं वरही पाहिलं नाही.

ओढणारे बहुतेक गाबित, म्हणजे तिथले मच्छीमार. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. मराठ्यांच्या आरमारात याच दर्यावर्दी लोकांची पोरं होती. नारळी पौर्णिमेला मालवणात अजून नारळ लढवतात. तुम्ही पावसाळ्यात गेला असता तर बंदर सुनं दिसलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासा अंड्यावर असतो म्हणून.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. आता तिथल्या पोरांना स्कूबाच्या बोटीवर, खानावळीत काम मिळतं. त्यात वाईट काय? रोज दोर ओढून तळहात सोललेल्या बापाचा पोरगा तेच करील, असा हट्ट आपण दोन दिवस फिरायला गेलेल्यांनी धरू नये. रापणीचं खरं दुखणं निराळं आहे. पर्ससीन म्हणजे थव्याला वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं; ते वापरणाऱ्या मोठ्या बोटी माशांचा अख्खा थवा बाहेरच गुंडाळून नेतात, किनाऱ्यापर्यंत येतं काय? २०१६ साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पण भांडण मिटलं नाही.

तुमचं पत्र वाचताना मला मात्र आमचा मामा तलाव दिसत होता. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, हे तुम्हाला सांगायला नको. मी ढिवराची, म्हणजे आपल्याकडच्या तलाव-नदीवरच्या मच्छीमाराची लेक. माझ्या आज्याचा डोंगा एका खोडाचा कोरलेला होता, आणि त्यात बसून तो फेकजाळं असं उडवायचा की पाण्यावर गोल ताट मांडल्यासारखं पडायचं. वैशाखात पाणी गुडघ्याला आलं की आधी ढिवर उतरायचे, मग सारं गाव. त्या दिवशी ज्या घरी माणूस आजारी, त्याच्या दारात आजी द्रोणभर झिंगे ठेवून यायची. मालवणची म्हातारी पाहून मला तीच आठवली होती. आता तलाव सोसायटीकडे आहे, रोहू-कटल्याचं बीज सोडतात, काठाला बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि डोंग्याचं खोड गोठ्यात गव्हाण म्हणून पडलं आहे. त्यात आमची गाय कुटार खाते. पोराला मालवण दाखवलंत, छान केलंत. येत्या वैशाखात त्याला आपल्या तलावाच्या पाळीवरही न्या.

प्रश्न : मालवणहून तिरफळं आणली आहेत. मरळीच्या रश्श्यात घालू का? (त्याच वाचकाच्या घरून)

उत्तर : ताई, नका घालू. तिरफळ शोभतं ते बांगड्या-तारलीसारख्या तेलकट माशाला. मरळीला आपला लसूण-जिरं आणि चिंचेचा कोळ पुरे. नागपूरहून कोणी बांगडा आणला तर पाच-सहा तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका, सालं जरा ठेचा आणि रस्सा उकळताना सोडा. वाटणात वाटू नका, कडू होतं. मी पहिल्यांदा वाटलं होतं. अख्खं पातेलं कुत्र्यानंही हुंगून सोडलं.