दस्त्यावरचा पितळी पत्रा उचकटण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतल्या वाड्यात निघालेली आजोबांची बारा बोरची दुनळी बंदूक, बर्मिंगहॅमची. मुठीला (चापामागच्या बारीक भागाला) पितळी पत्रा गुंडाळलेला, त्याच्या दोन्ही काठांना पितळी चुका (बारीक खिळे), दस्त्याच्या, म्हणजे मागच्या लाकडी भागाच्या, खालच्या कडेला राणीछाप पावली बसवलेली आणि पाठीला (खांद्याला टेकणाऱ्या टोकाला) एक काळा तुकडा जोडलेला. ही हौस की डागडुजी? आणि सगळं काढून दस्ता 'मूळ रूपात' आणावा का?

काढू नका. जुन्या दस्त्यावर मुठीपाशी जे चमकतं, ते बहुतेक वेळा तडा धरून ठेवण्यासाठी आलेलं असतं, शोभा त्यानंतरची.

त्याआधी एक रुक्ष काम. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावावर परवान्याचा अर्ज करावा लागतो. पुणे शहरात तो पोलीस आयुक्तालयात होतो. दस्ता सोडवण्याचं कामही परवानाधारक कारागिराकडेच. खाली सांगितलेली तपासणी तिथेच, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून करता येते.

आता मूठ. दुनळीचा दस्ता इथेच सर्वांत बारीक असतो आणि त्यातही टँगच्या (लाकडात मागे जाणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) स्क्रूसाठी, कुलपांसाठी (बार उडवणाऱ्या यंत्रणेसाठी) लाकूड कोरून काढलेलं. त्यात बंदुका वर्षानुवर्षं नळ्या वर करून उभ्या ठेवल्या जातात. आतलं तेल झिरपत दस्त्याच्या तोंडाशी उतरतं, अक्रोडाचं लाकूड काळं पडून मऊ होतं, अ‍ॅक्शन (नळ्या जोडलेला धातूचा भाग) ढिली बसते आणि प्रत्येक बार काढताना केसभर मागे सरकते. मग टँगचं मागचं टोक पाचरीसारखं लाकडात घुसतं. तडा जवळजवळ नेहमी त्या टोकापासून सुरू होऊन लाकडाच्या रेषेरेषेने मागे जातो. पत्र्याची वरची कड टँगच्या टोकावरून जात असेल, तर पत्रा कशासाठी आला हे वेगळं विचारायला नको.

पत्र्याच्या काठाशी दहा पट भिंग धरा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा मारा. मुठीवरची चेकरिंगची (पकडीसाठी कोरलेल्या आडव्या-तिरक्या रेषांची) जाळी पत्र्याखाली तशीच शिरत असेल, तर पत्रा नंतरचा. जाळी काठाशी किनार घेऊन थांबत असेल, तर कोणीतरी ती नव्याने कोरली आहे. रेषा मोजा: चांगल्या इंग्लिश कामात इंचाला बावीस-चोवीस मिळतात, इथल्या दुरुस्तीत त्या जाड आणि विरळ असतात. पत्र्यावर बारीक, सारख्या खळग्यांचं मठारकाम दिसलं, तर हात कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या परंपरेतला असू शकतो. तसा पत्रा फेकणं म्हणजे दुरुस्तीपेक्षा जास्त किमतीची गोष्ट फेकणं.

चुकांना चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळी मुलामा. अक्रोडात टॅनिन असतं, त्यामुळे लोखंडाभोवती दमटपणात निळसर-काळं वलय उठतं. पितळेभोवती तेलामुळे हिरवा, मेणचट थर साचतो. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर चुका बहुधा अलीकडच्या. चुका सरळ रांगेत आहेत की कुठे वाकड्या सरकल्या आहेत, हेही पाहा. ठोकणाऱ्याने तड्याची रेष चुकवली असेल, तर त्याला काम कळत होतं. खिळा थेट रेषेवर असेल, तर तडा त्यानेच वाढवला असेल.

पावलीकडे मी सर्वांत जास्त वेळ देईन. इंग्लिश दस्त्याच्या खालच्या कडेला मालकाची आद्याक्षरं कोरण्यासाठी लहानशी लंबगोल पट्टी असायची, चांदीची किंवा सोन्याची. ती पडली किंवा विकली गेली की खाच उरते. पावली गोल, खाच लांबट. म्हणून नाण्याच्या पुढे-मागे, नळीच्या दिशेने, चंद्रकोरीसारखे दोन भरलेले तुकडे दिसतात का ते पाहा. लाख किंवा लाकडाचा भुसा-सरस भरलेला असेल. हे तुकडे सापडले, तर नाणं जुन्या पट्टीच्या जागी आलं. नाही सापडले, तर ती निव्वळ हौस. नाण्यावरच्या सालाला भुलू नका. 1862 चा रुपया तेच साल ठेवून पुढे कित्येक वर्षं पाडला गेला, आणि जुनं नाणं कधीही बसवता येतं. साल एवढंच सांगतं की काम त्याआधीचं नाही. नळ्यांखाली चौकटीत '12 सी' असा ठसा असेल, तर तो 1887 किंवा त्यानंतरचा.

पाठीचा काळा तुकडा बहुधा लांबी वाढवण्यासाठी. चापापासून पाठीच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण 14 ते 14¾ इंच असतं. तुकडा वजा करून 13 च्या आसपास आलं, तर दस्ता कधीतरी बुटक्या माणसासाठी किंवा पोरासाठी कापला होता. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली तर लाकूड, थर आणि पट्टे दिसले तर म्हशीचं शिंग. शिंगाला किडा लागतो, भोकं तपासा. पांढरा, जाळीदार रेषांचा तुकडा कुठे निघाला आणि तो हस्तिदंत असेल, तर त्याची विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

जोड कशाने चिकटवलाय, ते कोमट पाण्याचा एक थेंब सांगतो. सरस असेल तर काही मिनिटांत चिकट होतो, एपॉक्सी (रासायनिक गोंद) ढिम्म. एपॉक्सी बाजारात आला तोच दुसऱ्या महायुद्धानंतर. प्लसच्या खाचेचा स्क्रूही 1930 च्या दशकाआधीचा असत नाही. यूव्ही टॉर्चखाली जुनं लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं. पत्र्याजवळचा एखादा पट्टा तसा चमकला नाही, तर तिथे नंतर हात फिरलाय.

तडा अजून हलतो का? मूठ दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळा. कुरकुर झाली किंवा रेषेतून तेल डोकावलं, तर पत्रा नावालाच उरलाय. मग कारागिराने दस्ता सोडवून आतल्या खाचेत खडूची पूड आणि अ‍ॅसिटोनचा लगदा तीन-चार मिलिमीटर थराने लावायचा, वाळला की ब्रशने झाडायचा, आणि पूड पिवळी पडणं थांबेपर्यंत हेच करायचं. अ‍ॅसिटोन बाहेरच्या बाजूला लागला तर लाखेचं पॉलिश जाईल. मग तडा जरासा उघडून पातळ एपॉक्सी, वरून सायकलच्या ट्यूबची घट्ट पट्टी, 24 तास. टँगच्या टोकामागे कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायला सांगा. ती नसेल तर तडा परत येणारच. त्यावर पत्रा पुन्हा त्याच चुकांच्या भोकांत.

सँडपेपर कोणालाही लावू देऊ नका. लाकूड धातूपेक्षा खाली गेलं की ते भरून येत नाही. कच्चं जवसाचं तेलही पावसाळ्यात नको, पुण्याच्या जुलैत ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं.

तोवर बार काढायचा नाही. नळ्यांवर 'नायट्रो प्रूफ' (बिनधुराच्या दारूसाठी नळ्या तपासल्याचा) ठसा नसेल, तर दस्ता ठणठणीत झाला तरी आजची काडतुसं त्यात घालायची नाहीत. टँगचं टोक, पत्र्याची वरची कड, नाण्याच्या दोन्ही बाजू आणि नळ्यांखालचे ठसे, असे चार फोटो आडव्या उजेडात काढून टाका, म्हणजे पत्र्याबद्दल नेमकं सांगता येईल.