वाचकांचे प्रश्न: कुणाला कुठला कॅमेरा दाखवायचा?

प्रश्न: ऑफिसात एका एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) १६ कॅमेरे आहेत. आतापर्यंत सगळेच अ‍ॅडमिनच्या पासवर्डने बघायचे. आता गेटवरच्या माणसाला फक्त गेट आणि पार्किंग दिसावं म्हणून मी वेगळा युजर केला, बाकीच्या कॅमेऱ्यांची टिक काढली, सेव्ह पण केलं, तरी त्याच्या मोबाइलवर सोळाच्या सोळा दिसतायत. गेटवरच्या मॉनिटरवर पण तेच. चुकतंय कुठे?

उत्तर: टिक तुम्ही बरोबरच काढल्यात, घोळ वेगळा आहे. त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये हा एनव्हीआर आधीच अ‍ॅडमिनच्या पासवर्डने अ‍ॅड केलेला असणार, म्हणजे तुम्ही आत कितीही नवे युजर बनवा, त्याचं अ‍ॅप अजून अ‍ॅडमिन म्हणूनच लॉगिन करतंय. आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. पण बदलायच्या आधी तो कुठेकुठे टाकलेला आहे ते आठवून ठेवा (दुसरे मोबाइल, कंप्युटरवरचं सॉफ्टवेअर वगैरे), कारण ते सगळे जुनाच पासवर्ड पाठवत बसतात आणि बऱ्याच रेकॉर्डरमध्ये काही चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉगिन थोडा वेळ लॉक होतं, मग तुमचा नवा पासवर्ड बरोबर असूनही तुम्हीच बाहेर.

तेवढ्यानेही तो बघतच असेल तर अ‍ॅपमधलं शेअरिंग तपासा. क्यूआर कोड किंवा मोबाइल नंबरवरून डिव्हाइस शेअर केलेला असला की तो क्लाउड अकाउंटचा मामला, एनव्हीआरच्या युजर लिस्टमध्ये त्या माणसाचं नावच येत नाही. कॅमेरे, लाइव्ह, प्लेबॅक या परवानग्या तिथे वेगळ्या द्याव्या लागतात. आणि हो, डिव्हाइसचा मालक म्हणून कुणाचं अकाउंट आहे तेही बघून घ्या, बरेचदा ते कॅमेरे बसवून देणाऱ्याचंच निघतं! त्याच्याकडून अनबाइंड करून, म्हणजे त्याच्या अकाउंटमधून सोडवून, स्वतःच्या अकाउंटला जोडून घ्या, नाहीतर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

मॉनिटरचं कारण अजून साधं आहे. एनव्हीआरला थेट लावलेल्या स्क्रीनवर लाइव्ह चित्र बरेचदा लॉगिन न करताच दिसतं, लॉगिन लागतं ते मेनू उघडायला किंवा रेकॉर्डिंग बघायला. लॉगआउट असताना कुठले कॅमेरे दाखवायचे याची सेटिंग युजर मॅनेजमेंटच्या आसपास मिळेल, तिथे गेट आणि पार्किंग सोडून बाकीच्या टिक काढा.

आता परवानग्यांकडे. "कॅमेरा दिसतो" ही एकच परवानगी नसते. लाइव्ह, प्लेबॅक, एक्स्पोर्ट, आवाज, कॅमेरा फिरवणं म्हणजे पीटीझेड, प्रत्येकाची कॅमेऱ्यांची यादी वेगळी असू शकते, वर लोकल आणि रिमोट असे दोन भाग. त्यामुळे लाइव्हमधून काढलेला कॅमेरा प्लेबॅकमध्ये आरामात उघडतो असं होतं, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. गेटवाल्याला मी लाइव्ह देईन, गेटपुरतं प्लेबॅक देईन, एक्स्पोर्ट अजिबात नाही. पीटीझेड पण नको. कुणी कॅमेरा फिरवून भिंतीकडे सोडला की रेकॉर्डिंगही भिंतीचंच होतं, आणि हे कळतं ते फुटेज लागतं त्या दिवशी. एक मात्र आहे, एक्स्पोर्ट बंद केलं तरी समोरच्या स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढता येतोच, त्याला परवानगीची टिक काही करू शकत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर युजरचं नाव वॉटरमार्क म्हणून टाकता येतं, तुमच्यात असेल तर चालू करा.

अजून एक चोरवाट राहिली, ती म्हणजे कॅमेरा स्वतः. आयपी कॅमेऱ्याचा स्वतःचा लॉगिन असतो, आरटीएसपी स्ट्रीम असते (कॅमेऱ्यातून थेट येणारं लाइव्ह चित्र, बहुतेक ५५४ पोर्टवर), ऑनव्हिफचे (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जोडायची सामाईक पद्धत) युजरही असतात. त्याच नेटवर्कवर बसलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा पासवर्ड माहीत असेल तर तो एनव्हीआरला विचारतच नाही, सरळ कॅमेरा उघडतो. कॅमेरे एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टना (एकाच केबलने वीज आणि नेटवर्क देणारे) लावलेले असतील तर ते सहसा आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असतात, मग धोका बराच कमी. ऑफिसच्याच स्विचवर असतील तर पासवर्ड बदला, आणि बदललेला पासवर्ड एनव्हीआरमध्येही टाका, नाहीतर कॅमेरा ऑफलाइन दाखवेल.

प्रश्न: आमच्याकडे व्हीएमएस, म्हणजे कंप्युटरवरून सगळे कॅमेरे सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे. एक जण दोन ग्रुपमध्ये आहे, एकात त्याला स्टोअरचा कॅमेरा दिलाय, दुसऱ्यात नाही. त्याला दिसणार की नाही?

उत्तर: दुसऱ्या ग्रुपमध्ये नुसती टिक नाहीये की "डिनाय" (मुद्दाम मनाई) केलंय, यावर आहे. नुसती रिकामी असेल तर दोन्ही ग्रुपची बेरीज होते आणि त्याला कॅमेरा दिसतो. डिनाय केलं असेल तर बहुतेक सिस्टिममध्ये डिनाय जिंकतं, मग दुसरीकडे कितीही टिका मारा. म्हणून डिनाय जपून वापरा, सहा महिन्यांनी कुणाला काय का दिसत नाही हे शोधताना डोकं फिरतं. मला जास्त भीती वाटते ती "सर्व कॅमेरे" असा हक्क दिलेल्या ग्रुपची. उद्या तुम्ही सर्व्हर रूममध्ये नवा कॅमेरा लावलात की तो न विचारता त्या सगळ्यांना दिसायला लागतो. कॅमेऱ्यांचे फोल्डर करा आणि हक्क फोल्डरवर द्या.

प्रश्न: पाचच माणसं आहोत, सगळ्यांना अ‍ॅडमिन ठेवलं तर काय बिघडतं?

उत्तर: माणसं चांगलीच असतील हो, पण पासवर्ड फुटतो. मार्च २०२१ मध्ये व्हरकाडा या अमेरिकन कंपनीचं सुपर अ‍ॅडमिनचं लॉगिन हॅकर्सच्या हाती लागलं आणि सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोचल्याचा दावा त्यांनी केला, त्यात हॉस्पिटलं होती, तुरुंग होते. शिवाय सगळेच "अ‍ॅडमिन" असतील तर फुटेज कुणी डिलीट केलं हे लॉग बघून कळणार कसं? लॉगमध्ये पाचही जणांचं एकच नाव. एक अ‍ॅडमिन ठेवा, बाकीच्यांना आपापल्या नावाचे युजर द्या, आणि एनव्हीआरचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय) लावा म्हणजे लॉगमधली वेळ तरी खरी असेल.

प्रश्न: नोकरी सोडून गेलेल्याचा युजर डिलीट करायचा का?

उत्तर: सोय असेल तर आधी डिसेबल करा, डिलीट नंतर, म्हणजे जुने लॉग तपासताना नाव कुणाचं ते सापडतं. पण डिसेबल केल्यावरही काही सिस्टिममध्ये आधीच उघडलेलं लाइव्ह चालूच राहतं, तेव्हा ऑनलाइन युजरच्या लिस्टमध्ये जाऊन त्याचं सेशन बंद करा, आणि मग त्याच्याच लॉगिनने दुसऱ्या मोबाइलवरून एकदा आत जायचा प्रयत्न करून बघा.