विचारा तर खरं: मुंबईतल्या चार संध्याकाळी

प्रश्न: डिसेंबरात चार दिवस मुंबईला येतोय. सोबत ७२ वर्षांची आई आणि तबला शिकणारी मुलगी. आईला मराठी नाटक बघायचंय, मुलीला चांगल्या सभागृहात गाणं ऐकायचंय आणि मला जुनी थिएटरं बघायची आहेत. मोबाइलवर शोधलं तर पन्नास नावं आली. त्यातली कोणती घ्यावीत?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: बाहेरून फोटो काढून पुढे जाणार असाल, तर दिवसात वीस उरकतील. मी चारच सांगते, पण चारही तिकीट काढून.

आधी आईचं बघू. दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह. रविवारी जा. रविवारी इथे एकाच रंगमंचावर दोन-तीन वेगवेगळी नाटकं लागतात, त्यामुळे मधल्या वेळात बाहेर उभं राहिलात तर एक फुकटचा प्रयोग बघायला मिळतो. दुपारच्या नाटकाचा सोफा टेम्पोत चढत असतो, रात्रीच्या नाटकाचा देव्हारा उतरत असतो आणि दोन्हीकडची माणसं ‘बाजूला, बाजूला’ म्हणत तुमच्याच अंगावर येतात. माझ्या लहानपणी बुकिंगच्या खिडकीत खुर्च्यांचा छापील प्लॅन असायचा. वडील त्यावर बोट ठेवायचे, ‘एफ चौदा-पंधरा’, आणि आतला माणूस लाल पेन्सिलीने तिथे काट मारायचा. ती काट पडली की नाटक आमचं झालं! आता मोबाइलवर तिकीट मिळतं, पण तुम्ही खिडकीवरच काढा. आईंना जिना किती चढावा लागेल, कडेची खुर्ची मिळेल का, हे मोबाइल सांगत नाही. आणि मध्यंतराचा पडदा पडायच्या आत मुलीला बटाटेवड्याच्या रांगेत धाडा. नंतर गेलात तर वडा हातात आणि घंटा कानात.

मुलीसाठी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमधलं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटर. १९८० साली उघडलेलं, साधारण हजार खुर्च्यांचं. आराखडा अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचा, आवाजाचं गणित सिरिल हॅरिस यांचं. बैठक पंख्यासारखी पसरलेली आहे, म्हणून मागे बसलेल्यालाही कलाकार फार लांब वाटत नाही. एरवी लग्नाच्या हॉलमधल्या कर्ण्यांतून ऐकून तबला म्हणजे नुसता धडधडाट असं वाटायला लागतं. इथे मुलीला सांगा, डग्ग्यावर मनगट घासलं जातं तेव्हाची मींड, म्हणजे नादाचं ते सरकणं, ऐक. आपले पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते. आवारात आणखीही सभागृहं आहेत, तेव्हा तिकिटावर कुठलं नाव आहे ते नीट वाचून मगच रांगेत उभे राहा.

आता तुम्ही. रीगल (१९३३), इरॉस आणि मेट्रो (दोन्ही १९३८), लिबर्टी (१९४९) ही दक्षिण मुंबईतल्या आर्ट डेको (तेव्हाची एक वास्तुशैली) सिनेमागृहांची घराणी. त्यातलं मेट्रो कधीच मल्टिप्लेक्स झालं आणि इरॉस बरीच वर्षं बंद राहून नव्या रूपात उघडलं, म्हणजे चेहरा जुना आणि पोट नवं. तरी मी तुम्हाला मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात पाठवीन. हे १९५८चं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ इथे २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि करोनाच्या बंदीचा काळ सोडला तर उतरायचं नावच घेईना. सकाळचा खेळ धरा. शेजारीच स्टेशन आणि एसटी डेपो. गाडीला वेळ आहे म्हणून पिशव्यांसकट येऊन बसलेली माणसं संवाद नटाच्या आधी म्हणतात. छताकडे बघायला गेलात तरी लक्ष त्यांच्याकडेच जाईल.

चौथी संध्याकाळ जुहूच्या पृथ्वी थिएटरला द्या. जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंना प्रेक्षक, आणि नटाच्या कपाळावरचा घाम पुसावासा वाटेल इतक्या जवळ तो. ते उघडलं ५ नोव्हेंबर १९७८ ला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं, तीही तारीख ५ नोव्हेंबरच, म्हणून तो आपला रंगभूमी दिन. पृथ्वीवरचं पहिलं नाटकही मूळ मराठीच, गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत केलेलं. एकच सांगते: उशिरा येणाऱ्याला तिथे आत सोडत नाहीत. नांदेडहून आलोय म्हटलं तरी नाही. अंधेरीहून निघताना तासभर हाताशी ठेवा.

प्रश्न: आजोबा सांगायचे, त्यांनी मुंबईच्या ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्वांना ऐकलं. ते थिएटर अजून आहे का?
– एक वाचक, भोपाळ

उत्तर: आहे, आणि तुमच्या आजोबांनाही ओळखू येईल अशा अवस्थेत आहे. बांधकाम पुरं व्हायच्या आतच १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन उरकलं. नाव ऑपेराचं, पण पुढे नांदलं आपलं नाटक आणि मग सिनेमा. १९९३ मध्ये कुलूप लागलं. मी गिरगावची, रोज त्यावरून बसने जायचे. थिएटर बंद, पण कंडक्टर मात्र ‘चला, ऑपेरा हाऊस’ ओरडायचा आणि माणसं उतरायची! आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा उभं केलं, २०१६ च्या ऑक्टोबरात दार उघडलं. आत सोनेरी नक्षी, दोन्ही अंगांना प्रेक्षकांसाठी सज्जासारखे बॉक्स. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. जवळच केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, तेही बघून घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली जिथे लागला ते कोरोनेशन सिनेमागृहही याच भागात होतं, पण ते शोधत फिरू नका, आता तिथे काही नाही.

आजोबांनी कुठलं नाटक पाहिलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरात कुणाला आठवत असेल तर विचारून कळवा.