ग्रिपर दाबून दाबून कोपर दुखायला लागलं, आता काय करू?

मागच्या अंकात हाताच्या पकडीबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मी पत्रं हँड ग्रिपरवरच (मुठीत धरून दाबायचं ते स्प्रिंगचं साधन) आलीत. त्यातली पाच घेतोय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण तीच चूक करणारी बरीच मुलं दिसतायत.

प्रश्न : नमस्कार सर, वय २३, सांगली जिल्हा. पोलीस भरतीची तयारी करतोय. गोळा कमी जातो म्हणून ॲकॅडमीतला एक सिनियर म्हणाला पंजा मजबूत कर. मग तो ५ ते ६० किलोचा ॲडजस्ट होणारा ग्रिपर ऑनलाइन मागवला. दीड महिना झाला, दोन्ही हातांनी रोज ३००-४०० वेळा दाबतो, अभ्यास करताना पण हातात चालूच असतो. आता १५ दिवसांपासून उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय, भरलेली बादली उचलली की कळ येते, जोर मारताना पण येते. मित्र म्हणतात दुखतंय म्हणजे ताकद येतेय. बंद करू का? बंद केलं तर आलेली ताकद जाईल ना?

बंद कर. आजपासूनच. आणि ताकद जाईल ही भीती आधी मनातून काढून टाक, दोन-तीन आठवड्यांत फार काही जात नाही, पण हे दुखणं अंगावर काढलंस तर भरतीचं मैदानच हातातून जाईल.

आधी एक करून बघ. डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला ठेव आणि उजव्या हाताची बोटं हळूहळू मिट. हाताखाली काय हलतंय ते कळेल. बोटं जोरात मिटायचं मुख्य काम करणारे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारखे टेंडन मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यातले काही स्नायू वरच्या टोकाला कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्याला चिकटलेले असतात, म्हणजे तू पंजा दाबतोस आणि ओढ बसते कोपराला. तुझं दुखणं त्याच जागी आहे. याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, गोल्फ न खेळणाऱ्यांनाच जास्त होतं.

आता मुद्दा असा की मसलला रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे तो तीन-चार आठवड्यांत जोर दाखवायला लागतो. टेंडनला रक्त कमी मिळतं, तो महिन्यांच्या हिशोबाने मजबूत होतो. म्हणजे दीड महिन्यात तुझा मसल पुढे निघून गेला आणि टेंडन मागेच राहिला. रोजचे साडेतीनशे धरले तरी दीड महिन्यात एका हाताने पंधरा हजारांच्या वर वेळा दाबलंस तू, ते पण एकही दिवस सुट्टी न देता. कोणतीही तालीम अशी चालत नाही. रोज चारशे बैठका मारणारा पैलवान सुद्धा वर्षानुवर्षं वाढवत तिथपर्यंत पोचलेला असतो.

दुखतंय म्हणजे ताकद येतेय, हे मित्रांचं म्हणणं अर्धवट आहे. मसल भरून येणं वेगळं, ते पूर्ण भागात पसरलेलं असतं, जड वाटतं आणि दोन दिवसांत जातं. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, हाडाजवळ, आणि उचलताना कळ, हे वेगळं. हे दुसरं दुखणं कधीच ताकदीचं नसतं.

मी स्वतः यातून गेलोय म्हणून कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जाड स्प्रिंगचा एक लोखंडी ग्रिपर होता, तो बंद व्हायला जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहायचा. तेवढा बंद करायचाच म्हणून मी रोज संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा पूर्ण जोर लावायचो, दुसऱ्या हाताने दाबून बंद करायचो आणि मग एका हाताने धरून ठेवायचो. अनामिकेच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने, थोडं टोचायला लागलं होतं, तिकडे लक्ष दिलं नाही. एक दिवस सकाळी चहाचं पातेलं सांडशीने उचलायला गेलो आणि सांडशी दाबताच येईना. पुढचे साडेतीन महिने मी पंजाचा एकही व्यायाम केला नाही. तो टोचायला लागल्या दिवशी थांबलो असतो तर दोन आठवड्यांत काम झालं असतं.

आता तुझं. दोन-तीन आठवडे ग्रिपर, जोर, पुल-अप सगळं बाजूला. धावणं, बैठका, पोटाचे व्यायाम चालू ठेव, बिनधास्त. कोपर अगदी निवांत पण ठेवायचं नाही, टेंडनला हलका ताण लागतो. एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली घे, हात टेबलावर तळवा वर करून ठेव, मनगट टेबलाच्या कडेबाहेर, आणि बाटली धरून मनगट सरळ ठेवून ३०-४० सेकंद नुसतं थांब, असं चार-पाच वेळा. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखत असेल तर वजन जास्त होतंय असं समज, बाटली अर्धी कर. आठवडाभराने ते सोसायला लागलं की दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं आणि तीन सेकंद घेत बाटली सावकाश खाली सोडायची, पंधरा-पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. अशी दुखणी पूर्ण बरी व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, दहा दिवसांत बरं वाटलं म्हणून लगेच ग्रिपरवर धावू नकोस. आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर हे घरगुती काही करत बसू नकोस, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जा. आतल्या उंचवट्याच्या मागूनच ती नस जाते जी आपटली की झिणझिण्या येतात.

आणि गोळ्याचं खरं सांगू का? ७.२६ किलोचा गोळा पंज्याने जात नाही रे. तो पायातून निघतो, कमरेच्या वळणातून खांद्यात येतो, बोटं आणि मनगट फक्त शेवटचा झटका देतात. शिवाय गोळा मुठीत आवळायचा नसतो, बोटांच्या मुळांवर टेकवून मानेशी धरायचा असतो. ग्रिपर मूठ आवळायला शिकवतो, गोळ्याला उलट बोटं आणि मनगट पुढे ढकलायची ताकद लागते. त्यासाठी भिंतीला बोटांच्या टोकांवर टेकून ढकलणं, नंतर जमेल तसं जमिनीवर बोटांवर जोर, हे जास्त उपयोगी, अर्थात कोपर बरं झाल्यावर. तुझा वेळ मी बैठकांना आणि गोळ्याच्या टेक्निकला दिला असता.

तरी ग्रिपर करायचाच असेल तर बरं झाल्यावर असा कर. आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन, मध्ये कमीत कमी ४८ तास. आधी हात गरम, सकाळी थंडी असेल तर कोमट पाण्यात बुडवून, मग सर्वात हलक्या सेटिंगवर १०-१२ वेळा. ग्रिपरचा एक दांडा अंगठ्याच्या मुळाच्या गादीवर बसला पाहिजे, तळहाताच्या मधोमध नाही, आणि करंगळी दांड्याच्या टोकाशी, कारण करंगळी बाहेर सुटली की सगळा भार मधल्या दोन बोटांवर येतो. मनगट सरळ. मनगट आत वाकवून मूठ आवळून बघ, जोरच लावता येत नाही ना? मग वाकवून दाबायचंच कशाला. सहा-आठचे तीन सेट, प्रत्येक सेटला अजून दोन झाले असते असं वाटतानाच थांब. सोडताना फटकन सोडू नकोस, स्प्रिंगला हळू उघडू दे. चौथ्या आठवड्यात सगळं अर्ध्यावर आण.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणीच करत नाही, बोटं उघडायचा व्यायाम. मूठ आवळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू मनगट धरून ठेवतात, नाहीतर मनगट आतच वळलं असतं. ते कमजोर राहिले की दुखणं बाहेरच्या बाजूला सुरू होतं, त्याला टेनिस एल्बो म्हणतात. खर्च शून्य आहे. कोथिंबिरीच्या जुडीला येतं ते रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती अडकव आणि बोटं फाकव, वीस-पंचवीस वेळा, दोन सेट. एक रबर हलकं झालं की दोन घे. तांदळाच्या डब्यात मनगटापर्यंत हात खुपसून बोटं उघडणं पण मस्त, फक्त घरी आधी विचार.

प्रश्न : माझा प्लास्टिकचा ६० किलोचा ग्रिपर मी सहज ५० वेळा दाबतो. आता सीओसी (कॅप्टन्स ऑफ क्रश, ग्रिपरचा एक ब्रँड) नंबर २ घ्यायचा विचार आहे, ऑफिसमधला एकजण म्हणतो जमणार नाही. आकडा तर ८८ किलोच आहे. घेऊ का? (वय ३१, पुणे)

ऑफिसमधला बरोबर बोलतोय. ग्रिपरवरचे किलो हे वजनकाट्याचे किलो नसतात. ती कपड्यांच्या चिमट्यासारखी स्प्रिंग असते, बोटं दांड्याच्या टोकाला असली की हलकं, स्प्रिंगजवळ सरकली की जड, आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. कॅप्टन्स ऑफ क्रशचा ‘ट्रेनर’ नावाचा ग्रिपर १०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४५ किलो, आणि तुमचा ६० किलोवाला सहज दाबणारी बरीच माणसं त्या ट्रेनरवर अडकतात. नंबर १ आहे १४० पौंड, नंबर २ आहे १९५. ट्रेनरपासूनच सुरुवात करा, तो दहा वेळा नीट बंद झाला की मग नंबर १. नंबर ३ म्हणजे २८० पौंड, तो बंद केल्याचं पहिलं सर्टिफिकेट रिचर्ड सोरिनला १९९१ मध्ये मिळालं, आणि नंबर ४ पहिल्यांदा बंद व्हायला १९९८ उजाडलं, जो किन्नीने केला. ही वर्षानुवर्षांची कामं आहेत. झेपत नाही असा ग्रिपर दोन्ही हातांनी बंद करून एका हाताने रोखायचा प्रकार व्हिडिओत दिसेल, तो पहिलं वर्षभर तरी करू नका, माझी अनामिका त्यातच गेली होती.

प्रश्न : वय ५८, नाशिक. मला शुगर आहे. मुलीने वाचलं की पकड मजबूत असलेली माणसं जास्त जगतात म्हणून तिने ग्रिपर आणून दिलाय. पण सकाळी उठल्यावर माझं उजव्या हाताचं मधलं बोट वाकलेलंच राहतं, दुसऱ्या हाताने सरळ केलं की कट् आवाज होऊन उघडतं. ग्रिपरने हे मोकळं होईल का?

नाही ताई, ग्रिपर सध्या कपाटात ठेवा. तुम्ही लिहिलंय ते वर्णन ट्रिगर फिंगरचं वाटतंय. बोट मिटणारा टेंडन तळहातात, बोटाच्या मुळाशी एका छोट्या बोगद्यातून जातो, तिथे तो जाड झाला की अडकतो आणि झटक्याने सुटतो. शुगर असलेल्यांना हे जास्त होतं. पुन्हा पुन्हा जोरात मूठ आवळली की तिथलं घासणं वाढतं, म्हणजे ग्रिपरने ते बिघडेलच. डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवलं तर स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी) किंवा एखाद्या इंजेक्शनवर भागतं बऱ्याचदा. स्टिरॉइडचं इंजेक्शन असेल तर काही दिवस शुगर वाढते, त्यामुळे शुगर आहे हे आठवणीने सांगा. तोपर्यंत सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं अलगद उघड-मीट करा, पोळ्यांची कणीक दुसऱ्या कोणाला मळू द्या.

मुलीने वाचलं ते खोटं नाही. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १७ देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार लोकांचा अभ्यास आला, भारत पण होता त्यात, आणि पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. पण पकड तिथे सगळ्या अंगाच्या ताकदीची खूण म्हणून मोजलीय. तुळशीला पाणी कमी पडलं की आधी पानं मान टाकतात, म्हणून कोणी पानांवर पाणी शिंपडत बसत नाही, मुळाशीच घालतो. तुमच्यासाठी मूळ म्हणजे पाय. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, आणि रोजचं चालणं. बोट बरं झालं की दोन्ही हातात दोन-दोन किलोच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारा, पकड आपोआप येईल. मुलीने प्रेमाने आणलाय ग्रिपर, तिला हे वाचून दाखवा म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे. ग्रिपरने बीपी उतरतं असं ऐकलं, खरं का? (वय ४६, ठाणे)

खरं आहे, पण जोरात दाबून नाही. अभ्यासांत वापरलेली पद्धत अशी की आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण ३० टक्के जोराने दोन मिनिटं धरून ठेवायचं, मध्ये थोडी विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, आणि फरक दिसायला आठ-दहा आठवडे. धरलेलं असताना बीपी वाढतंच, श्वास रोखून दात-ओठ खात दाबलं तर खूपच वाढतं, म्हणून धरताना मोठ्याने आकडे मोजत राहा म्हणजे श्वास रोखला जाणार नाही. आधी डॉक्टरांना विचारा आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपीचा आकडा कितीही छान यायला लागला तरी.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे, माझं बघून तो पण माझा कडक ग्रिपर दाबत बसतो. चालेल का? (वय ४०, कोल्हापूर)

कडक नको. या वयात हाडांची वाढ चालू असते आणि वाढणारा भाग ओढीला लवकर दुखावतो. हलका, खेळण्यासारखा असेल तर दाबू दे, पण त्याला खरं तर लटकायला द्या. झाडाची फांदी, मैदानातला बार, आणि जवळपास मल्लखांबाचा वर्ग असेल तर फारच उत्तम, पकड, खांदे, पाठ सगळं एकत्र तयार होतं आणि मुलांना कंटाळा येत नाही. तिथल्या सरांना एवढं सांगून ठेवा की बोट किंवा कोपर दुखतंय असं तो म्हणाला तर त्या दिवशी मल्लखांबाची दोरी नाही, नुसत्या उड्या आणि बैठका.