बाळ उशिरा रडले आणि कॅल्शियम कमी निघाले : आईच्या आहारात कमतरता होती का?

साताऱ्याहून आपण विचारले आहे की, जन्मल्यावर उशिरा रडलेल्या आपल्या बाळाचे कॅल्शियम आणि साखर कमी निघाली, ती आईच्या आहारातील कमतरतेमुळे का. नाही, आपल्या बाळाच्या बाबतीत पहिल्या तीन दिवसांत कॅल्शियम आणि साखर कमी होण्याचे कारण बहुधा आईचा आहार नसून जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे हेच आहे. सांगलीत नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आजी विचारते. प्राणवायूशिवाय ऊर्जा मिळवताना यकृतातील साखरेचा साठा झपाट्याने संपतो. इजा झालेल्या पेशींतून फॉस्फरस रक्तात उतरतो, कॅल्सिटोनिन (रक्तातील कॅल्शियम कमी करणारे संप्रेरक) वाढते, कॅल्शियम वाढवणाऱ्या गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी मात्र अजून मंद असतात आणि त्यामुळे कॅल्शियम घसरते, बऱ्याचदा मॅग्नेशियमही. त्यातच आतड्यांचा रक्तपुरवठा कमी झालेला असल्याने दूध लगेच देता येत नाही. म्हणूनच टाचेला बारीक सुई टोचून साखर वारंवार तपासतात, शिरेतून ग्लुकोज चालू ठेवतात आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून अगदी सावकाश देतात, कारण ते शिरेबाहेर झिरपले तर कातडी भाजल्यासारखी होते. (बाळगुटीने यातले काहीही भरून निघत नाही.) मात्र आठवड्यानंतरही कॅल्शियम कमीच राहिले, तर आई आणि बाळ या दोघांचेही ड जीवनसत्त्व, तसेच बाळाचे मॅग्नेशियम तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, तेव्हा आईकडील कमतरता हे खरेच कारण असू शकते.