मेकॅनिकल करून जर्मनीत ईव्ही शिकायला यायचंय? आधी एवढं वाच

तू विचारलंस, मेकॅनिकलची डिग्री आहे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत दोन वर्षं जिग-फिक्श्चर (सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधनं) डिझाइन केलंय, आता जर्मनीत ईव्हीचं मास्टर्स करायचंय. सल्लागाराने चाळीस लाखांचा आकडा सांगितला म्हणून वडील निफाडची बाग गहाण ठेवायला निघालेत. तर कोणता कोर्स घेऊ?

मी नाशिकच्याच सिडकोतली. जर्मनीत आखनला येऊन सात वर्षं झाली.

आधी बागेचं बोलते. ती गहाण ठेवू नका. आखन ज्या राज्यात आहे, तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या नेहमीच्या मास्टर्सला शिकवणीची फी नाही. सेमिस्टरला साधारण तीनशे युरो भरायचे, त्यात रेल्वे-बसचा पासही येतो. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, तिथे मात्र परदेशी विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. आणि हे नीट बघ, की सरकारी विद्यापीठांच्या नावाखालीच काही इंग्रजी कोर्स वेगळी अकादमी चालवते, त्यांची फी सेमिस्टरला हजारो युरो असते. चाळीस लाख होतात ते बहुतेक अशाच ठिकाणी. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. ते तुझेच पैसे, महिन्याला ९९२ करून परत मिळतात. दोन वर्षांचा हिशेब यावरून कर.

आता कोर्स. नावात ‘इलेक्ट्रिक’ आहे म्हणून कोर्स निवडू नकोस. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा), पॉवर इलेक्ट्रॉनिक्सकडचे मास्टर्स बहुतेक इलेक्ट्रिकल विभागात असतात आणि इथली प्रवेश समिती तुझ्या मार्कशीटमधला एकेक विषय मोजते. सर्किट थिअरी, मशिन्स, कंट्रोल यांची क्रेडिट्स कमी भरली, तर पहिला नंबर असला तरी नकार येतो. माझ्या ओळखीतले तीन-चार हुशार मेकॅनिकलवाले असेच अडकले, वर्ष गेलं.

पण तुझ्याकडे जे आहे त्याची इथे किती गरज आहे, ते तुला ठाऊक नाही असं दिसतं. आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात बॅटरी आणि मोटर कशा बनवायच्या, यावरच काम करणारा स्वतंत्र विभाग आहे. तिथली बॅटरीचे सेल बनवायची लाइन मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला अंबडच आठवलं. तांब्याच्या पातळ फॉइलवर ग्रॅफाइटचा काळा लेप, तो वाळवायचा, रोलरखाली दाबायचा, कापायचा, मग ॲनोड (हाच लेपाचा तुकडा, ऋण टोक), सेपरेटर (मधला पडदा), कॅथोड (धन टोक) असे थर रचायचे. ॲनोडचा तुकडा कॅथोडपेक्षा मुद्दाम किंचित मोठा कापतात. रचताना कॅथोडची कड बाहेर आली, तर चार्जिंगच्या वेळी तिथे लिथियम धातू होऊन साचतं आणि पुढे शॉर्टची भीती. म्हणजे सेलची सुरक्षितता शेवटी त्या रचणाऱ्या फिक्श्चरवर येते. हे तुझंच काम आहे रे. दुसरी वाट बॅटरी थंड-गरम ठेवण्याची. नाशिकचा मे आणि इथला जानेवारी, दोन्ही तिला सोसायचे असतात. शून्याखाली जोरात चार्ज केली तरी लिथियम तसंच साचतं.

इलेक्ट्रिकल अगदीच टाळ असं मी म्हणत नाही. बागेत एसी मोटरचा सोलर पंप असेल तर त्याचा कंट्रोलर समजून घे. पॅनेलच्या डीसीतून तो थ्री-फेज एसी करतो आणि ऊन कमी-जास्त होईल तशी फ्रिक्वेन्सी बदलतो. गाडीचा इन्व्हर्टर तत्त्वतः हेच करतो.

आणि नजर फक्त कारवर ठेवू नकोस, रेल्वेतही हेच तंत्र आहे. कसाऱ्याचा घाट तू शंभरदा चढला असशील. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ, म्हणून मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावतात. आताची थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटरचा जनरेटर करून वीज वरच्या तारेत परत पाठवतात. आमच्या लॅबमध्ये दोन मोटरी शाफ्टला शाफ्ट जोडून चाचणी होते. एक फिरवते, दुसरी वीज परत देते, बाहेरून लागते ती फक्त वाया जाणारी. ते मीटर पाहताना मला घाटातल्या गाड्याच दिसतात. नाशिकरोडला रेल्वेची इलेक्ट्रिकल इंजिनिअर घडवणारी संस्था आहे, आणि आपण मात्र शिकायला आधी बाहेर बघतो.

जर्मन भाषेत हयगय नको. कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्यात शॉपफ्लोअरवरची माणसं जर्मनच बोलतात, आणि तुझं काम तिथेच आहे. नाशिकमध्ये असतानाच बी-१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं निभेल अशा पातळीपर्यंत, ये. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला त्या कमाईवर विसंबू नकोस. डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात.

कागदांत सर्वांत आधी एपीएस, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेलं प्रमाणपत्र. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र लागतं, फी अठरा हजार रुपये. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता आत्ताच अर्ज टाक. आणि आठही सेमिस्टरचे विषय, क्रेडिट्ससकट, एका कागदावर लिहून मला पाठव. त्यातलं काय मोजलं जाईल ते आपण रविवारी फोनवर बसून बघू, वडिलांनाही सोबत घे.